पूल कधी उघडणार ते आधी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : होड्यांसाठी उघडणारे पूल, रस्त्यावरची कोंडी आणि आपल्या खाड्या

मी डोंबिवलीचा. रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, आता रिटायर. सध्या मुलीकडे अमेरिकेत सिएटलला आलोय, आपला पेपर इथे रोज सकाळी मोबाइलवर वाचतो आणि त्यात कोकणातल्या खाड्यांवर होणाऱ्या नव्या पुलांच्या बातम्या आल्या की दोनदा वाचतो, कारण इथे आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही. मुलीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक पूल आहे, जो होडी आली की मधून दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी वर उचलला जातो, आणि तेवढा वेळ रस्त्यावरच्या गाड्या, बस, सायकली, माणसं सगळी थांबून राहतात. मी सगळी नोकरी फाटकाच्या एका बाजूला काढली, त्यामुळे हे बघितल्यावर गप्प बसवत नाही. पत्र लांब होणार आहे, जमेल तेवढं छापा.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. सिएटल शहराच्या मधून एक कालवा जातो, समुद्रापासून लेक युनियन आणि पुढे लेक वॉशिंग्टन ह्या मोठ्या तळ्यापर्यंत, साधारण आठ मैल. त्याला शिप कॅनाल म्हणतात, 1917 साली सुरू झाला. तळ्याचं पाणी समुद्रापेक्षा वीसेक फूट उंच आहे, म्हणून तोंडाशी बॅलार्ड लॉक्स आहेत, म्हणजे पाण्याच्या खोल्याच, होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि पुढचं दार उघडायचं. ह्या कालव्यावर उघडणारे चार रस्तापूल आहेत : बॅलार्ड, फ्रीमाँट, युनिव्हर्सिटी आणि माँटलेक. पहिले दोन 1917 चे, तिसरा 1919 चा, चौथा 1925 चा. चारही साधारण चार मैलांच्या आत. बाजूला उंच पक्के पूलही आहेत, फ्रीमाँटच्या शेजारीच ऑरोरा पूल, 1932 चा, त्याच्याखालून डोलकाठीवाल्या होड्या निवांत जातात, पण तो हायवेचा पूल. वस्तीतून वस्तीत जायचं, शाळेत, बाजारात, बसने, तर हे खालचे चारच.

त्यातला फ्रीमाँटचा पूल सगळ्यात बुटका, पाण्यापासून फक्त 30 फूट. बाकीचे चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या आसपास. एवढ्या पंधरा फुटांच्या फरकाने काय होतं बघा, बॅलार्डखालून जी होडी तशीच जाते तिच्यासाठी फ्रीमाँट उघडावा लागतो. दिवसाला सरासरी 35 वेळा हा पूल उघडतो, जगात सगळ्यात जास्त उघडणाऱ्या पुलांत त्याचं नाव घेतात. एकदा उघडला की चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे दिवसातले सव्वादोन ते तीन तास रस्ता बंद, तेही उन्हाळ्यात त्याहून जास्त कारण शिडाच्या होड्या उन्हाळ्यातच बाहेर पडतात. ह्याच पुलावरून 2019 साली दहा लाखांच्या वर सायकली गेल्या, पुलावर सायकली मोजायचं मशीनच आहे, आणि 40 आणि 62 नंबरच्या बस ह्यावरूनच जातात.

पूल निळ्या आणि नारिंगी रंगाचा आहे, दिसायला फार छान. त्याच्या एका मनोऱ्यात निऑनच्या दिव्यांची राजकन्या आहे, लांब केस खाली सोडलेली, माझी नात तिला रोज हात करते.

आता नियम. हा नियम शहराच्या हातात नाही, हे मला इथे येऊन कळलं आणि फार महत्त्वाचं वाटलं. पूल शहराचा (माँटलेकचा पूल राज्याचा), पण तो कधी उघडायचा ते ठरवतं केंद्र सरकारचं कोस्ट गार्ड. त्यांचा मूळ नियम असा की होडीने भोंगा दिला, एक लांब आणि एक आखूड, की पूल उघडायचा. पुलावरचा ऑपरेटर तसाच भोंगा उलटा देतो म्हणजे हो, आणि पाच आखूड दिले तर आत्ता नाही. रेडिओवरूनही बोलतात. पण मूळ हक्क पाण्याचा, कारण पाणवाट आधीची, पूल नंतर आला, ज्याने मध्ये पूल घातला त्याने वाट द्यायची. ह्यातून सूट हवी असेल तर ती मागून, कारण दाखवून घ्यावी लागते. तशी सूट इथे मिळालेली आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 6 ह्या वेळात, सुट्टीचे दिवस सोडून, एक हजार टनांपेक्षा लहान होडीसाठी पूल उघडायची सक्ती नाही. माँटलेकला ही वेळ थोडी जास्त आहे, आणि तिथे दुपारी पूल तासाला आणि अर्ध्या तासाला असा ठरलेल्या वेळीच उघडतो. रात्री अकरा ते सकाळी सात होडीवाल्याने एक तास आधी कळवायचं. आणि होडीवाल्यावरही बंधनं आहेत, पुलाखालून जायला जागा असताना उगाच उघडायला सांगायचं नाही, ज्या अँटेना वगैरे खाली घेता येतात त्या घ्यायच्या.

वाचायला हे अगदी बरोबर वाटतं. मलाही वाटलं. मग मी रोज संध्याकाळी नातीला घेऊन पुलाच्या दक्षिण टोकाला जाऊन बसायला लागलो आणि काय होतं ते बघायला लागलो, जुनी सवय, वहीत वेळ लिहायची.

चार ते सहा पूल होड्यांना बंद. ह्या दोन तासांत होड्या यायच्या थांबत नाहीत, त्या येऊन दोन्ही बाजूंना वाट बघत फिरत राहतात, एक, दोन, पाच, कधी आठ. सहा वाजले की पहिलंच उघडणं मोठं, एकामागे एक सगळ्या निघतात, शेवटची जी मागे राहिलेली असते तिच्यासाठी ऑपरेटर थांबतो, थांबायलाच लागतं कारण खाली होडी असताना पूल आणता येत नाही, आणि तेवढ्यात रस्त्यावर जी लाईन लागते ती मागच्या सिग्नलच्या पलीकडे जाते. सहा वाजून दहा मिनिटांनी जे ऑफिसातून निघतात त्यांचे हाल चार वाजता निघणाऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे कोंडी संपली नाही, ती सहाच्या पलीकडे सरकली फक्त. मी नोकरीत हेच बघत आलो, फाटक जास्त वेळ बंद ठेवून गाड्या काढल्या की रस्त्याची लाईन वाढते, मग गेट उघडलं की ते बंदच करता येत नाही, कारण रूळावर रिक्षा अडकलेली असते, आणि मागे लोकल उभी.

आपल्या वाचकांना हे समजवायला दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक पुरे आहे. मध्य रेल्वेवर रोज प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला माहितेय, दिव्याचं गेट वाहनांसाठी उघडलं की मागच्या लोकल रखडतात, आणि न उघडावं तर पूर्व-पश्चिम जाणारी माणसं रखडतात. दोघांचंही बरोबर. गेटमनला दोन्हीकडून शिव्या. इथल्या ब्रिज ऑपरेटरकडे बघताना मला तोच गेटमन दिसतो, उंच मनोऱ्यातल्या केबिनमध्ये एकटा बसलेला, आधी घंटा, मग लाल दिवा, मग दांडे खाली, मग चालत जाणारे सगळे गेले का ते बघणं, आणि मगच पूल उचलणं. आपल्याकडे गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही आणि गेटमन स्टेशनला प्रायव्हेट नंबर (गेट बंद झाल्याची खूण म्हणून सांगायचा आकडा) देतो तशीच ही शिस्त, त्यात घाई करता येत नाही आणि करूही नये. चार मिनिटांतलं एक मिनिट तर माणसं हटवण्यातच जातं.

एक गंमत अशी की इथे "ब्रिज क्लोज्ड" म्हटलं की होडीवाल्याला कळतं पाणी बंद आणि गाडीवाल्याला वाटतं रस्ता बंद. एकाच शब्दाचे दोन अर्थ, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

आता माझं म्हणणं. रस्त्यावरचे लोक इथे म्हणतात बंदीचे तास वाढवा, दुपारी तीन ते सात करा. होडीवाले म्हणतात आहे ती बंदीच जास्त आहे. मला दोन्ही पटत नाही. मी वहीत जे लिहिलं त्यावरून माझी खात्री झाली की लोक चार मिनिटं थांबायला कुरकुरत नाहीत, त्यांना कुठे कळतं की आत्ता पूल उघडणार आहे? बसमधली बाई, मुलाला डेकेअरमधून सहाच्या आत न्यायचंय, तिला जर माहीत असेल की साडेपाच ते सहा उघडणार नाही आणि सहाला नक्की उघडेल तर ती पाच चाळीसची बस धरेल. पण दिवसभर बाकीच्या वेळी पूल होडी येईल तेव्हा उघडतो, म्हणजे कधीही, आणि ह्या कधीही मुळे माणूस रोज दहा मिनिटं जादा धरून निघतो, पूल उघडो न उघडो. ही जादा दहा मिनिटं कुठल्याच आकड्यात येत नाहीत. लोकलचं टाइमटेबल जसं पाच मिनिटं लेट चाललं तरी चालतं पण टाइमटेबलच नसेल तर माणूस अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर येऊन उभा राहतो, तसं.

शहराने एक चांगलं केलंय, ट्विटरवर (म्हणजे आताच्या एक्सवर) एक खातं काढलंय, कुठला पूल उघडला आणि कुठला बंद झाला ते लगेच येतं. पण ते उघडल्यावर सांगतं. उघडल्यावर तर मला पूल दिसतोच समोर उभा. आधी सांगायला हवं, आणि आधी सांगता येतं हे माझं म्हणणं आहे.

कसं ते बघा. बॅलार्डपासून फ्रीमाँट दीड मैल. कालव्यात सात नॉटपेक्षा जास्त वेगाने जायला बंदी आहे. म्हणजे जी होडी समुद्राकडून बॅलार्डखालून गेली तिला फ्रीमाँटला पोचायला कमीत कमी अकरा-बारा मिनिटं लागणारच, पाण्यावर ओव्हरटेक करून कोणी लवकर येणार नाही. हा सरळ ब्लॉक सेक्शन आहे, म्हणजे दोन स्टेशनांमधला एका वेळी एकाच गाडीला द्यायचा रूळाचा तुकडा. मागच्या स्टेशनने गाडी सोडली की पुढच्या स्टेशनला कळवतात आणि पुढचा गेटमन तयार राहतो, शंभर वर्षांहून जास्त हेच चाललंय आपल्याकडे. मग बॅलार्डच्या ऑपरेटरने पाहिलं की उंच डोलकाठीची होडी फ्रीमाँटकडे चाललीय की फ्रीमाँटच्या अलीकडच्या चौकात पाटीवर लागायला काय हरकत आहे की दहा मिनिटांनी पूल उघडणार? बसवाल्याला कळेल, सायकलवाला पाय जोरात मारेल किंवा शेजारच्या दुकानात कॉफी घेईल. आणि त्याच्याही आधी लॉक्स आहेत. लॉकमधून होड्या सुट्या येतच नाहीत, खोली भरते आणि एकदम झुंडीने बाहेर पडतात. तिथे कळतंच की आता किती आणि केवढ्या. लेक युनियनच्या काठावरून मध्येच निघणाऱ्या होड्यांना ही युक्ती लागू नाही, ते मान्य, त्यांनी रेडिओवर पंधरा मिनिटं आधी सांगायचं. रात्री एक तास आधी सांगायचा नियम आहेच ना, मग दिवसा पंधरा मिनिटं का जड व्हावीत.

दुसरं, उन्हाळ्यात फ्रीमाँटलाही माँटलेकसारखं करावं, दिवसभर, तासाला आणि अर्ध्या तासाला, पण फक्त हौशी होड्यांसाठी. कामाच्या बोटींना, म्हणजे टग, मासेमारी बोटी, अलास्काहून लेक युनियनच्या डॉकयार्डात दुरुस्तीला येणारी जहाजं, त्यांना जुनाच नियम, भोंगा दिला की वाट. हौस अर्धा तास थांबू शकते, पोट थांबत नाही. मायामीला ब्रिकेल अ‍ॅव्हेन्यूचा पूल दिवसा तासाला आणि अर्ध्या तासालाच उघडतो, ऑफिसच्या वेळेत आणि जेवणाच्या वेळेतही त्याला बंदी आहे. शिकागोत तर शिडाच्या होड्या वसंतात तळ्याकडे आणि शरदात परत गोदीकडे अशा ठरलेल्या बुधवारी-शनिवारी घोळक्याने नेतात आणि पूल एकामागे एक उघडत जातात. लंडनचा टॉवर ब्रिज उघडायला 24 तास आधी लेखी कळवावं लागतं, पैसे लागत नाहीत, आणि उघडायच्या वेळा सगळ्यांना आधी वाचायला मिळतात. तिथेही होडीचाच हक्क पहिला, पण वेळ आधीच छापलेली असते. 1997 साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या गाड्यांचा ताफा त्या पुलाने मधूनच तोडला होता, शिडाची एक बार्ज वेळेवर आली होती आणि ताफाच उशिरा आला, पूल बार्जसाठी उघडला. मला ते फार आवडलं. ज्याची वेळ ठरलेली त्याला वाट.

होडीवाल्यांची बाजू मी ऐकली नाही असं कोणी म्हणू नये. काठावर एक म्हातारा नेहमी भेटतो, त्याची स्वतःची शिडाची होडी आहे, त्याने मला समजावलं की होडीला ब्रेक नसतो. गाडी सिग्नलला उभी करता येते, होडी पाण्यात उभी राहत नाही, वारा ढकलतो, मागून मोठ्या बोटीची लाट येते, आणि पुलाजवळ कालवा अरुंद, वळायला जागा नाही. वीस मिनिटं पाच होड्यांनी तिथल्या तिथे गोल फिरत राहायचं म्हणजे ठोकाठोकी व्हायचीच कधीतरी. हे खरं आहे आणि मी हे आधी धरलं नव्हतं. म्हणून अर्ध्या तासाची वेळ ठेवायची तर पुलाच्या दोन्ही बाजूंना थांबायला खुंट, फळ्यांचा धक्का, दोर टाकायला जागा असं काहीतरी आधी करायला पाहिजे, नाहीतर रस्त्यावरची कोंडी पाण्यात ढकलली एवढंच. लोकल बाजूला थांबवायची तर लूप लाइन, म्हणजे बाजूचा रूळ, लागते, मेन लाइनवर थांबवून कसं चालेल.

तिसरं मोजण्याचं आहे, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या रेल्वेत फाटकावर उड्डाणपूल हवा का ते ठरवायला टीव्हीयू काढतात, म्हणजे दिवसातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची युनिटं, एक लाखाच्या वर गेलं की पुलाचा विचार. त्यात मोटार एक युनिट, बैलगाडी एक युनिट, ऑटोरिक्षा अर्धं. पण बसही एकच युनिट, तिच्यात साठ माणसं असली तरी. मी ह्या हिशेबाचे तक्ते भरलेत, तेव्हा कधी सुचलं नाही. इथेही तसंच, कोस्ट गार्डच्या नियमात होडी टनाने तोलतात, हजार टनांवर की खाली, आणि रस्त्यावर काय थांबलंय ते तोलतच नाहीत. एकटा माणूस बसलेली मोटार आणि गच्च भरलेली 40 नंबरची बस दोघांना तोच लाल दिवा. फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्स आली तर पूल खाली घ्यायचा नियम आहे, तसा बस भरलेली पुलाच्या तोंडाशी आली असेल तर हौशी होडीसाठी एक मिनिट थांबायला ऑपरेटरला मुभा द्यायला हवी. माणसं मोजा. गाड्या नका मोजू, टनही नका मोजू.

आणि पूल म्हातारे झालेत हेही धरायला पाहिजे. शंभरी ओलांडलेलं यंत्र दिवसाला 35 वेळा उचलायचं. दोन्ही पंखांना मागे काँक्रीटची वजनं आहेत, तराजूसारखी, त्यामुळे मोटरला फार जोर लागत नाही, फार हुशारीने केलेलं काम आहे. पण ऊन तापलं की लोखंड वाढतं आणि दोन पंखांच्या मधली फट बुजते. जून 2021 मध्ये इथे 108 फॅरनहाइट म्हणजे 42 डिग्री गेलं होतं, इथल्यासाठी ते भयंकर, तेव्हा टँकर लावून पुलांवर पाणी मारलं. आपल्याकडे उन्हाळ्यात रूळ वाढतात आणि गँगमन भर दुपारी पेट्रोलिंगला चालतात ते आठवलं. पूल उघडा असताना अडकला तर चार मिनिटांचे चार तास होतात. दोन-तीन होड्या एकत्र करून एकदाच उघडलं तर रस्ताही वाचतो आणि यंत्रही.

इथला एक नियम मात्र मला मनापासून आवडला. वेळ बदलायची असेल तर कोस्ट गार्ड ती आधी 180 दिवसांपर्यंत तात्पुरती लावून बघू शकतं, आणि कायमची करायच्या आधी लोकांकडून लेखी मतं मागवतं, कोणीही लिहू शकतं, होडीवाला, सायकलवाला, बसमधली बाई. सिएटल, बेल्व्ह्यू, रेडमंड भागात मराठी माणसं भरपूर आहेत, गणपतीला हॉल पुरत नाही इतकी. त्यांना माझी विनंती आहे की पुलावर अडकलात की गाडीत बसून ग्रुपवर वैतागण्याऐवजी वेळ लिहून ठेवा, किती वाजता, किती मिनिटं, किती होड्या, बसमध्ये साधारण किती माणसं, आणि जेव्हा मतं मागवतील तेव्हा पाठवा. मुलगी म्हणते बाबा तुम्ही पाहुणे, तुम्ही कशाला. पण वही माझी तयार आहे, ती तिच्या नावाने पाठवू.

आता आपल्याकडचं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो.

आपल्या खाड्यांवर असे उघडणारे रस्तापूल आपण बांधत नाही, पक्के बांधतो. उघडणाऱ्या पुलाचं वेळापत्रक चुकलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं, सहाचं साडेसहा करता येतं. पक्क्या पुलाचं वेळापत्रक म्हणजे त्याची उंची आणि खांबांमधलं अंतर, ते एकदा काँक्रीटमध्ये ओतलं की शंभर वर्षं तेच. वरळीला हेच झालं. कोस्टल रोडच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवलं होतं, वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी सांगितलं की भरती-ओहोटीच्या ओढीत आणि वाऱ्यात एवढ्यातून बोटी काढणं धोक्याचं आहे, 200 मीटर द्या, त्यांनी पाण्यात बोटी आणून काम अडवलं, आणि शेवटी 2022 च्या अखेरीला एक खांब कमी करून 120 मीटरवर मिटलं. त्या वेळी अनेकांनी कोळ्यांना विकासाच्या आड येणारे म्हटलं, मीही डोंबिवलीत बसून तसंच काहीतरी म्हणालो असेन. इथे त्या म्हाताऱ्याने होडीला ब्रेक नसतो म्हटलं तेव्हा मला वरळीचे लोक काय सांगत होते ते कळलं. त्यांना काम सुरू व्हायच्या आधी विचारलं असतं तर डिझाइन कागदावरच बदललं असतं.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, आणि ते झालेच पाहिजेत, फेरीची वाट बघत धक्क्यावर पेशंट घेऊन बसलेली माणसं मी पाहिलीत. पण 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात 111 जलमार्ग आहेत आणि त्यात आपली अंबा, कुंडलिका, सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री ही सगळी नावं आहेत, गोव्याच्या मांडवी-झुवारीसकट. म्हणजे वरून रस्ता आणि खालून बोट, दोन्ही सरकारलाच हवंय. मग पुलाची उंची ठरवताना भाऊचा धक्का ते मांडवा रोरो चालवणारे, वाळूचे बार्जवाले आणि खाडीतले मच्छीमार ह्यांना एका टेबलावर बसवून विचारलं का, की भरतीच्या पाण्याला तुमची बोट पुलाखालून जाईल ना, वीस वर्षांनी जी मोठी बोट घ्याल ती जाईल ना? फ्रीमाँटचा पूल आणखी पंधरा फूट उंच बांधला असता तर आज दिवसाला 35 वेळा उचलावा लागला नसता. तेव्हा त्या पंधरा फुटांचे पैसे वाचले असतील, आणि आज शंभर वर्षांनी माझी मुलगी ते रोज आपला वेळ घालवून भरतेय.

म्हणून संपादक महाशय, आपल्या पेपरने एक करावं अशी विनंती. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांना विचारावं की तुमच्या खाडीवर जो पूल आहे किंवा होतोय त्याच्याखालून उधाणाच्या भरतीला कुठल्या बोटी जातात, कुठल्या अडतात, ओहोटीची वाट बघत किती वेळ नांगर टाकून थांबावं लागतं. गावाचं नाव, खाडीचं नाव, बोटीची उंची आणि थांबलेला वेळ, एवढं लिहून पाठवा म्हणावं. तक्ता मी करून देतो, तीस वर्षं तेच केलंय. ऑक्टोबरात परत येतोय, आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाणकोटला जाऊन सुरुवात करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त स्टेशन मास्तर
डोंबिवली (सध्या मुक्काम सिएटल)